जुना लेथ छळतो तेव्हा: दोष शोधायची सुरुवात कुठून करावी

लेथवर एमएसचा (साध्या पोलादाचा) पंचवीस मिलिमीटर व्यासाचा बार, चकाबाहेर (बार धरून फिरवणाऱ्या पकडीबाहेर) दीडशे मिलिमीटर. हलका कट घेऊन मायक्रोमीटर लावला तर चकाजवळ २४.०२ आणि बाहेरच्या टोकाला २४.१४. पुन्हा कट घेतला, पुन्हा तोच फरक. वरून पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. घरच्या शेडमध्ये जुना लेथ ठेवून काम करणाऱ्यांपैकी अशी संध्याकाळ न काढलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

माझा लेथ साडेचार फुटी, कोन पुलीचा (पायऱ्यांच्या चाकावर पट्टा सरकवून वेग बदलायचा), सपाट पट्ट्यावर चालणारा. इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करणारे एक दुकान बंद झाले, तिथून तो घेतला. पहिल्याच महिन्यात वर सांगितलेला टेपर, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक येणे, दिसला आणि मी हेडस्टॉकचे (चक फिरवणाऱ्या डाव्या पेटीचे) बोल्ट सैल केले. ती चूक निस्तरायला दोन महिने गेले. टेपरचे कारण हेडस्टॉकमध्ये नव्हतेच, ते टेलस्टॉककडच्या (दुसऱ्या टोकाच्या आधाराकडच्या) पायाखाली होते. तेव्हापासून मी एक क्रम सोडत नाही: आधी टूल (कापणारे हत्यार), मग जॉबची (कापायच्या तुकड्याची) पकड, मग टूल सरकवणाऱ्या स्लाइड, मग स्पिंडल (चक फिरवणारा दांडा), मग पाया आणि बेड (ज्यावर सगळे सरकते ते लांब अंग). हेडस्टॉकला हात सगळ्यात शेवटी.

हा क्रम का, तर पहिल्या गोष्टी दहा-पंधरा मिनिटांत तपासून होतात आणि तपासताना काही बिघडत नाही. शेवटच्या गोष्टी एकदा हलल्या की मूळ जागी आणायला माप लागते, आणि ते माप आपण हलवण्याआधी घेतलेले नसते. सोबत एक नियम: एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. टूलला धार लावली, गिब (स्लाइडची ढिलाई घेणारी पट्टी) आवळली आणि स्पीडही बदलला, तर काम सुधारूनही कशामुळे सुधारले ते कळत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

हत्यारे फार लागत नाहीत. ०.०१ मिमीचे डायल गेज आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, दोन मायक्रोमीटर (०–२५ आणि २५–५०), फीलर गेज आणि एक चांगली स्टील पट्टी. यातले डायल गेज नसेल तर लेथवर दुसरा कुठलाही खर्च करण्याआधी ते घ्या.

आधी धुवा, मग ओळखा

जुना लेथ घरी आला की पहिला दिवस रॉकेल, ब्रश आणि चिंध्यांचा. बेडवर पॉलिश पेपर मारू नका. तांबेरा काढायचा तर तेलदगड तेल लावून सपाट धरून हलक्या हाताने फिरवा. उंचवटे तेवढे निघतात आणि मूळ सपाटी शाबूत राहते.

तेलाची भोके शोधा. माझ्या सॅडलवर (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागावर) तीन भोके दिसत होती, चौथे रंगाखाली बुजलेले होते. क्रॉस स्लाइडच्या (बेडला आडव्या सरकणाऱ्या स्लाइडच्या) स्क्रूला तेल कुठून जाते हे कळेना म्हणून टाचणीने रंग खरवडत गेलो, तेव्हा हिरव्या रंगाच्या तीन थरांखाली लहानसा पितळी कप निघाला. आत लोकरीची वात होती, वाळून कडक झालेली. वात बदलली, तेल भरले, आणि तासाभरात हँडलचे वजन उतरले. बेडला आणि स्लाइडला तेलच द्या, ग्रीस नको. ग्रीस बर (कापताना निघणारे धातूचे छिलके) धरून ठेवते, आणि बिडाची बारीक पूड मिसळलेले ग्रीस बेड घासत राहते.

मग आपल्याकडे नेमके काय आहे ते मोजा. लेथ बनवणाऱ्या हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे काम १९४१ मध्ये सुरू झाले, बंगळूरची एचएमटी १९५३ ची. पण घरगुती शेडमध्ये जास्त करून येतात ते बटाला, लुधियाना, राजकोट इकडचे लेथ. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तरी अशा बऱ्याच लेथांचा लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल पुढे नेणारा लांब स्क्रू) इंचीच असतो, एका इंचात ४ आटे. क्रॉस स्लाइडच्या हँडलवरच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका. डायल गेज लावून एक पूर्ण फेरा फिरवा आणि स्लाइड किती सरकली ते पाहा. हँडलचा एक भाग म्हणजे किती मिलिमीटर, आणि व्यास त्याच्या दुप्पट उतरतो, हे दोन आकडे हेडस्टॉकवर कागद चिकटवून लिहून ठेवा.

पायरी १: टूल

जुन्या लेथच्या तक्रारींपैकी निम्म्या इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे, म्हणून इथे थांबून वेळ द्या.

कोन पुलीच्या लेथला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल. कार्बाइडला (त्याहून कठीण पण ठिसूळ धारेला) स्पीड लागतो आणि दणकट मशीन लागते, आपल्याकडे बहुधा दोन्ही नसते. बाजारातून आणलेल्या ब्रेझ केलेल्या कार्बाइड टूलची धार तशीही कोवळ्या कटासाठी केलेली नसते. ते टूल कापण्याऐवजी रेटते, जॉब मागे दबतो, आणि कट संपल्यावर हँडल न हलवता तेच टूल परत फिरवले की पुन्हा बर निघते. एचएसएस घरच्या ग्राइंडरवर घासता येते, पाण्यात बुडवून थंड करता येते आणि हव्या त्या आकाराचे करता येते.

एमएससाठी पुढची आणि बाजूची सूट (धारेखालची मोकळीक) साधारण ८ ते १० अंश आणि वरचा उतार १० ते १५ अंश ठेवा. पितळेला वरचा उतार शून्य. उतार दिलेले टूल पितळेत आपणहून आत ओढले जाते. घासून झाल्यावर तेलदगडावर धार ओढा आणि टोकाला अर्धा मिलिमीटरची गोलाई द्या. आता टूल बल्बखाली धरून तिरके फिरवा. धारेवर उजेडाची पांढरी रेघ चमकली तर तिथे धार बोथट आहे. चांगल्या धारेवर उजेड थांबत नाही.

उंचीसाठी जुनी युक्ती: मशीन बंद ठेवून टूलचे टोक आणि गोल जॉब यांच्यात स्टील पट्टी हलकी चिमटवा. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरला. पट्टीचे वरचे टोक तुमच्याकडे झुकले तर टूल खाली आहे, जॉबकडे झुकले तर वर आहे. टूलखाली घालायला करवतीच्या जुन्या पात्यांचे तुकडे दात घासून जवळ ठेवा. नंतर फेसिंग करून (जॉबचे तोंड सपाट कापून) खात्री करा. मधोमध दाण्याएवढा टेंभा उरला तर उंची अजून चुकलेली आहे.

टूल पोस्टबाहेर टूल त्याच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्त काढू नका.

स्पीडसाठी मी एकच हिशेब वापरतो. एमएस आणि एचएसएस असेल तर ८००० ला व्यासाने भागायचे. पंचविसाच्या बारला ३२० आरपीएम. हा मिनिटाला २५ मीटर वेगाचा हिशेब आहे. ईएन८ ला (मध्यम कार्बनच्या पोलादाला) ८००० ऐवजी ५५०० धरा, पितळेला १५०००. कोन पुलीवर नेमका आकडा मिळत नाही, तेव्हा जवळचा खालचा टप्पा घ्या.

पायरी २: पकड

वर्कशॉपमध्ये ज्याला ट्रू चक म्हणतात त्या तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकावर रुसून उपयोग नाही. जुन्या ट्रू चकात जॉब ०.१ मिमी हलणे ही नेहमीची गोष्ट आहे. आत स्क्रोलवर (तिन्ही जॉ एकत्र सरकवणाऱ्या चकतीवर) बर अडकली असेल तर त्याहून जास्त. चक खोलून धुवा आणि जॉ घालताना १, २, ३ हे नंबर खाचांच्या नंबरांशी जुळवून त्याच क्रमाने घाला. जॉची पुढची कड झिजून तोंड रुंद झाले असेल तर बार मागच्या बाजूला धरला जातो आणि पुढे मोकळा राहतो. ओळखायची खूण: आवळल्यानंतर जॉच्या तोंडाशी, बार आणि जॉ यांच्यामध्ये ०.०५ ची फीलर पट्टी सरकते का पाहा. सरकत असेल तर थरथर टूलची नाही, पकडीची आहे.

नेमके काम असेल तेव्हा डॉग चक लावा. चार जॉ वेगळे हलतात म्हणून लोक टाळतात, पण डायल गेज टेकवून समोरासमोरच्या जॉची एक-एक जोडी घेतली तर दहा-बारा बार बांधल्यावर हात बसतो. आता मला ०.०२ च्या आत यायला पाच मिनिटे लागतात. आणि ट्रू चकच वापरायचा असेल तर ज्या व्यासांनी एकमेकांशी सेंटर जुळवायचे ते सगळे एकाच बांधणीत काढा. मधे जॉब सोडून उलटा बांधला की ते जुळणे गेले.

चकाबाहेर बार व्यासाच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर टेलस्टॉकचा सेंटर (टोकदार आधार) द्या. सुरुवातीला सांगितलेला पंचविसाचा बार दीडशे बाहेर म्हणजे सहापट. त्या टेपरचा काही भाग बार वाकण्याचाच होता. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. पंचविसाऐवजी चाळिसाचा बार घेतला की तो साडेसहा पट ताठ होतो. हे पायरी ५ मध्ये लागणार आहे.

चक काढताना बेडवर लाकडी फळी टाका. चकाची चावी काम झाले की हातात, नाहीतर टेबलावर, चकात कधीच नाही. हातमोजे, लांब बाह्या, गळ्यातली ओढणी किंवा गमछा लेथजवळ नको. लांब निघणारी बर हाताने ओढू नका, त्यासाठी तारेचा आकडा ठेवा.

पायरी ३: स्लाइड

क्रॉस स्लाइड दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. खुळखुळ जाणवली तर गिब पट्टी सैल आहे. ती लगेच आवळायचा मोह आवरा. आधी गिब बाहेर काढा, धुवा, कडेचे बुर (खरखरीत कंगोरे) दगडावर काढा, खोबण चिंधीने पुसा, तेल लावून परत बसवा. मग स्क्रू एकेक करून, प्रत्येकी थोडा-थोडा आवळत न्या, स्लाइड जड होईपर्यंत. जड झाली की प्रत्येक स्क्रू किंचित मागे घ्या आणि स्क्रू धरून चेक नट बसवा. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून पुन्हा हलवून पाहा.

एक अडचण येईल. स्क्रू मधल्या भागात जास्त झिजलेला असतो आणि स्लाइडही. मधे बरोबर बसवली तर टोकांना अडकते. अशा वेळी मधल्या, म्हणजे रोजच्या कामाच्या पट्ट्यात बरोबर बसवा आणि टोकाचे काम आले की तेवढ्यापुरते सैल करा.

कंपाउंड स्लाइडची (क्रॉस स्लाइडवरच्या, कोनात फिरणाऱ्या छोट्या स्लाइडची) गरज नसेल तेव्हा ती मागे घेऊन गिब आवळून बंद करून टाका. थरथर कमी करण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आता हँडलचा प्ले. जुन्या लेथच्या क्रॉस स्लाइडला पाव फेरा मोकळा जाणे नेहमीचे आहे. नट गनमेटलचा असतो, तो झिजतो. खराद्याकडून नवा नट करून घेता येतो, पण स्क्रू मधे झिजलेला असेल तर नवा नट टोकांना अडकेल. तोपर्यंत सवय लावा: माप नेहमी आत जातानाच घ्यायचे. आकडा ओलांडला गेला तर तेवढेच मागे येऊन भागत नाही. पूर्ण फेरा मागे या आणि पुन्हा आत जात आकड्यावर थांबा. शेवटच्या दोन कटांची खोली सारखी ठेवा. शेवटचा कट ०.०२ चा ठेवला तर जुना लेथ तो घेतच नाही, टूल घासत राहते. ०.१५ चे दोन सारखे कट घेतले की पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज नेमका लागतो.

नक्षी वाचायला शिका

ही पायरी नाही, पण इथे थांबायला हवे. पृष्ठभागावरच्या नक्षीने दोष कुठे आहे ते बरेचदा स्वतःच सांगितलेले असते.

माझ्या जॉबवर ठरावीक अंतराने फिक्या-गडद पट्ट्या येत. आधी बेअरिंगचा संशय घेतला. मग एक कट नेहमीच्या फीडने (एका फेऱ्यात टूल पुढे सरकते त्या अंतराने) आणि दुसरा दुप्पट फीडने घेतला, आणि पट्ट्यांमधले अंतरही दुप्पट झाले. याचा अर्थ दोष फिरणाऱ्या गोष्टीत आहे, कारण तो अमुक फेऱ्यांनी एकदा येतो, मग तेवढ्या फेऱ्यांत टूल कितीही पुढे जावो. लेथजवळ डोळे मिटून उभा राहिलो, तेव्हा टक... टक... टक असा अगदी बारीक आवाज आला. पट्ट्याचा लोखंडी क्लिपचा सांधा पुलीवरून जाताना वाजत होता. क्लिप काढून पट्ट्याची दोन्ही टोके तिरकी छिलून चिकटवून घेतली. त्या पट्ट्या परत आल्या नाहीत.

फीड बदलूनही अंतर तेच राहिले तर दोष टूल पुढे सरकवणाऱ्या भागात आहे. अंतर ६.३५ मिमी भरले तर लीड स्क्रू वाकलेला आहे किंवा त्याचा ब्रॅकेट सरकला आहे, कारण इंचाला ४ आट्यांचा स्क्रू एका फेऱ्यात तेवढेच पुढे नेतो. फीड रॅकवरून (बेडच्या दातेरी पट्टीवरून) चालत असेल तर रॅकच्या दातांचे अंतर मोजून जुळवून पाहा. आणि खवल्यांसारखी दाट नक्षी, सोबत किंचाळल्यासारखा आवाज, म्हणजे थरथर. त्यावर या क्रमाने उपाय करा: स्पीड कमी करा, फीड वाढवा, टूलच्या टोकाची गोलाई कमी करा, टूल आत घ्या. फीड वाढवायला मन धजत नाही, पण टूलला धातूत गुंतवून ठेवले की ते उड्या मारत नाही.

पायरी ४: स्पिंडल

चक काढा. डायल गेजचा स्टँड हेडस्टॉकवर लावून टोक स्पिंडलच्या नोजवर (चक बसतो त्या टोकावर) वरून टेकवा. स्पिंडलच्या भोकात लाकडी दांडके घालून वर उचला, खाली दाबा. गनमेटल बुशच्या (स्पिंडल ज्यात फिरतो त्या नळकांड्याच्या) जुन्या लेथला ०.०३ मिमीपर्यंतची उचल मी चालवून घेतो, कारण तेवढी जागा तेलाच्या थराला लागतेच. ०.०६–०.०७ दिसली तर बेअरिंग बसवायला हवे.

बुश वरच्या टोपीने धरलेला असेल आणि टोपीखाली पातळ शिम (पत्र्याचे तुकडे) असतील, तर दोन्ही बाजूंच्या सारख्या जाडीच्या शिम काढा, ०.०२–०.०३ पेक्षा जास्त एकदम नको. बोल्ट आवळल्यावर स्पिंडल हाताने फिरला पाहिजे. मग तेल घालून मधल्या स्पीडवर अर्धा तास रिकामा चालवा आणि दर दहा मिनिटांनी टोपीवर तळहात ठेवा. कोमट ठीक. हात ठेवणे सोसेना तर लगेच बंद करून शिम परत घाला. गनमेटल तापून स्पिंडलला घासला की दुरुस्ती घरची राहत नाही.

पुढे-मागे हलणारा प्ले वेगळा तपासा. डायल गेज नोजच्या तोंडावर लावून स्पिंडल आत-बाहेर ढकला. फेसिंग करताना कधी सपाट, कधी खळगा येत असेल तर हे कारण असते. मागच्या टोकाचा थ्रस्ट नट थोडा फिरवून भागते.

पायरी ५: पाया आणि बेड

टूल, पकड, स्लाइड, स्पिंडल झाले आणि तरी टेपर उरला, तर आता पायाकडे या. लेथचा बेड लोखंडी दिसतो म्हणून तो वाकणार नाही असे वाटते. तो पिळला जातो. चार पायांपैकी एक टेकलेला नसेल आणि बोल्ट कचकचून आवळला असेल तर बेडला पीळ बसतो. माझ्या शेडची कोबा केलेली जमीन पावसाळ्यानंतर टेलस्टॉककडच्या कोपऱ्यात किंचित खचली होती.

तपासायची पद्धत अशी. चाळिसाचा एमएस बार डॉग चकात पक्का बांधा, बाहेर १५० मिमी ठेवा, टेलस्टॉक लावू नका. मधला भाग दोन-तीन मिलिमीटरने कमी करा, म्हणजे दोन टोकांना वीस-वीस मिलिमीटरच्या दोन कॉलर उरतील. ताज्या धारेचे टूल घ्या आणि ०.१ चा कट क्रॉस स्लाइडच्या हँडलला हात न लावता दोन्ही कॉलरवरून न्या. हाच कट त्याच हँडलवर पुन्हा एकदा न्या. जॉब थंड होऊ द्या आणि दोन्ही व्यास मोजा.

बाहेरची कॉलर मोठी आली तर टूल बाहेरच्या टोकाला तुमच्याकडे सरकते आहे. टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे तुमच्या बाजूचा पाय उचला. पाय उचलला की तिथे सॅडल मागे कलतो आणि टूल जॉबच्या आत जाते. बाहेरची कॉलर लहान आली तर त्याच टोकाचा मागचा पाय उचला. बोल्ट सैल करायचा, शिम सरकवायची, बोल्ट पहिल्याइतकाच आवळायचा, पुन्हा कट, पुन्हा माप. थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. अंदाजासाठी तो चालतो, कायमसाठी पितळी शिम घाला.

ताजी धार आणि चाळिसाचा बार एवढ्यानेच माझा फरक ०.१२ वरून ०.०७ वर आला होता. पुढच्या पायाखाली ०.१५ ची शिम गेली आणि तो ०.०१ वर आला. ज्यासाठी मी हेडस्टॉक सैल केला होता, ते काम चिमूटभर पितळेचे होते. शिम बसवल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, आणि पुढे दर पावसाळ्यानंतर एकदा.

झीज वेगळी ओळखावी लागते. लेथवर बहुतेक काम चकाजवळ होते, म्हणून बेड चकाजवळच्या फूट-दीड फुटात जास्त झिजतो, आणि त्यातही पुढची पट्टी. तिथे सॅडल तुमच्याकडे कलतो, टूल मागे येते आणि जॉब चकाजवळ जाड होतो. टूल नुसते खाली गेल्याने व्यासात फारसा फरक पडत नाही, पण सॅडल कलला की बेडवरची झीज टूलच्या टोकापर्यंत पोचता पोचता जवळजवळ तेवढीच उरते आणि व्यासावर दुप्पट दिसते. पिळाचा टेपर सगळ्या लांबीत सारखा वाढत जातो. झिजेचा टेपर एका पट्ट्यात जास्त असतो आणि पुढे मावळतो. दोनऐवजी तीन कॉलर काढल्या की हे लगेच दिसते.

झीज शिम घालून जात नाही. बेड ग्राइंड करून घेणे हा खरा उपाय. खर्च जुन्या लेथच्या किमतीच्या जवळ जातो, आणि नंतर सॅडल, लीड स्क्रू, एप्रन (सॅडलची पुढची गिअरपेटी) सगळे पुन्हा जुळवावे लागते. घरच्या कामासाठी मी तो कुणाला सुचवणार नाही. त्याऐवजी झिजलेला पट्टा वहीत लिहा, किती लांबीत किती फरक पडतो ते मोजून ठेवा, आणि लांब नेमके काम चकापासून पुढे, कमी झिजलेल्या भागात येईल असे बांधा.

टेलस्टॉक हा निराळा विषय आहे. वरची दोन कॉलरची परीक्षा पास झाल्यावरच दोन सेंटरांमध्ये बार धरून तीच परीक्षा घ्या. आता जो टेपर येईल तो टेलस्टॉकचा, आणि तो त्याच्या बाजूच्या दोन स्क्रूंनी जाईल. उलट क्रमाने गेलात तर बेडचा पीळ टेलस्टॉक सरकवून झाकला जातो आणि चकातले काम वाकडेच राहते.

एवढे सगळे करूनही चकातला टेपर हटत नसेल, तर मग हेडस्टॉक. आणि तेव्हाही सैल करण्याआधी दोन्ही बाजूंना डायल गेज लावून आकडे लिहून घ्या.

पार्टिंग

जुना लेथ सगळ्यात जास्त रडवतो तो पार्टिंगला, म्हणजे जॉब कापून वेगळा करताना. पाते आत जाते, अडकते, जॉब चढतो, पाते मोडते. यात स्पिंडल, क्रॉस स्लाइड आणि कंपाउंड तिघांचा प्ले एकत्र येतो, म्हणून पायरी ३ आणि ४ झाल्याशिवाय पार्टिंगवर चिडण्यात अर्थ नाही.

कट चकाच्या शक्य तितका जवळ घ्या. पाते जॉबला काटकोनात आहे का हे चकाच्या तोंडाला टेकवून पाहा. पाते अर्ध्या व्यासापेक्षा चार-पाच मिलिमीटरच जास्त बाहेर काढा. सॅडल लॉक करा. स्पीड टर्निंगच्या निम्मा. ब्रशने सतत कटिंग ऑइल द्या. आणि हात थांबवू नका. भीतीने फीड मंद केले की पाते घासते, मग एकदम शिरते, तेव्हाच मोडते. बर सलग गुंडाळी होऊन निघत असेल तर फीड बरोबर आहे.

क्रॉस स्लाइडवर मागच्या बाजूला जागा असेल तर मागचा टूल पोस्ट करून त्यात पाते उलटे बसवा. बर आपल्या वजनाने खाली पडते, आणि पाते अडकलेच तर जोर स्लाइडला वर उचलतो, पाते आत ओढत नाही. मी बिडाच्या ठोकळ्यातून असा पोस्ट करून घेतला. तीसच्या बारपर्यंत पार्टिंगची मला आता धास्ती वाटत नाही.

इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे

हाताशी १.५ पिचचा (दोन आट्यांमधले अंतर १.५ मिमी) नट आहे आणि लीड स्क्रू ६.३५ पिचचा. प्रमाण १.५ भागिले ६.३५, म्हणजे नेमके ३० भागिले १२७. म्हणून १२७ दातांचा गिअर लागतो: स्पिंडलकडे ३० चा, लीड स्क्रूकडे १२७ चा, मधे कुठलाही आयडलर (फिरणे नुसते पुढे पोचवणारा गिअर). १२७ चा गिअर मोठा असतो आणि लहान लेथच्या झाकणात मावत नाही. मग ६३ चा करून घ्या. चालवणारे ३० आणि ६३, चालणारे १०० आणि ८०, अशी जोडणी केली तर पिच सुमारे आठ हजारांत एका भागाने चुकते. १०० मिमी लांबीत ते ०.०१२५ मिमी भरते. बोल्ट-नटाच्या कामाला ते पुरून उरते.

मेट्रिक आटे पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा, उघडझाप होणारा नट) मधे उघडू नका. उघडला की पुढच्या कटाला टूल जुन्या खाचेत येईल याचा भरवसा नाही. टूल बाहेर काढा, मोटर उलटी फिरवून सॅडल मागे आणा. दोन गोष्टी सांभाळा. घरची सिंगल फेज कपॅसिटर मोटर पूर्ण थांबल्याशिवाय उलटी फिरत नाही. आधीच उलट बटण दाबले तर ती सुलटीच पळत राहते आणि टूल चकावर जाते. आणि चक आट्यांवर बसवलेला असेल तर उलटे फिरवताना तो सुटून येऊ शकतो, म्हणून बॅक गिअरमध्ये (स्पिंडलचा वेग उतरवणाऱ्या गिअरवर), सगळ्यात हळू, टूल जॉबपासून लांब घेऊनच उलटे चालवा.

कॉलरपर्यंत जाणारे आखूड आटे मी मोटरवर पाडतच नाही. स्पिंडलच्या मागच्या भोकात घट्ट बसणारा एक हँडल केला आहे. मोटरची पिन भिंतीतून काढायची, बॅक गिअर लावायचा आणि हाताने फिरवायचे. हवे तिथे थांबता येते, अर्ध्या फेऱ्यावरही. मोटर चालू करण्याआधी तो हँडल काढून मी पट्ट्याच्या झाकणावर आडवा ठेवतो. झाकण लावायचे तर आधी तो हातात घ्यावाच लागतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर या महिन्यांत बेडवर एका रात्रीत तांबेरा येतो, विशेषतः घामाच्या हाताने जिथे टेकलो तिथे. काम झाले की बर ब्रशने झाडा. हवेच्या नळीने उडवू नका, ती सॅडलखाली शिरते. बेड पुसून ६८ नंबरच्या (दाटपणाच्या) तेलाचा पातळ हात द्या, मग सॅडल एकदा पूर्ण लांबी फिरवून आणा आणि टेलस्टॉककडे नेऊन ठेवा. प्लास्टिकच्या कागदाने झाकू नका, आत दमट हवा कोंडते. जुनी सुती चादर तेलाचा हात फिरवून टाकली की पुरते. चकाचे जॉ थोडे उघडून त्यावरही तेल सोडा. पाण्यातला कूलंट वापरला असेल तर त्या दिवशी क्रॉस स्लाइड उचलून खालीसुद्धा पुसा. माझ्या लेथवरचा सगळ्यात खोल गंजाचा डाग तिथेच आहे, आणि तो आधीच्या मालकाचा नाही, माझ्या पहिल्या पावसाळ्यातला आहे.